काम्पेचेच्या दलदलीतील रंगवृक्ष

मेक्सिकोच्या आग्नेय भागातील युकातान द्वीपकल्प, त्याला लागून असलेला ग्वातेमालाचा उत्तर प्रदेश आणि कॅरिबियन किनाऱ्यावरील बेलीझ हा छोटा देश, एवढ्या पट्ट्यात पावसाळ्यात पाण्याखाली जाणाऱ्या आणि उन्हाळ्यात तडे जाणाऱ्या चिकणमातीच्या सखल जमिनी पुष्कळ आहेत. इतर मोठ्या वृक्षांना जिथे तग धरणे कठीण जाते अशा या जमिनींवर एक काटेरी, वाकड्या बुंध्याचा आणि नजरेत न भरणारा वृक्ष दाटीने वाढतो. काम्पेचे या बंदरातून त्याचे लाकूड युरोपात जाऊ लागले, म्हणून स्पॅनिश व्यापाऱ्यांनी त्याला काम्पेचेचे लाकूड म्हटले. इंग्रजांकडे ते ओंडक्यांच्या रूपात पोचत असल्याने त्यांच्यात लॉगवुड हे नाव रूढ झाले. आणि १७५३ मध्ये लिनियसने त्याला ‘हिमॅटॉक्सिलम कॅम्पेचिॲनम’ हे शास्त्रीय नाव दिले, ज्यात रक्तासारख्या लाकडाचा आणि काम्पेचेचा असा दोन्ही निर्देश आहे. या वृक्षाच्या गाभ्यातील रंगद्रव्यापायी सतराव्या आणि अठराव्या शतकांत स्पेन व इंग्लंड यांच्यात वारंवार संघर्ष झाले, एक वसाहत उभी राहिली आणि पुढे तिचे राष्ट्र झाले. या इतिहासाची मांडणी सहसा राजे, तह आणि चाचे यांच्या अंगाने होते. परंतु तो कुठे घडला, कोणाच्या हातून घडला आणि कोणत्या क्रमाने घडला, यातील बरेचसे या वृक्षाच्या जडणघडणीनेच ठरवले होते, आणि म्हणून त्याची सुरुवात वनस्पतिशास्त्रापासून करणे योग्य ठरते.

हा वृक्ष शिंबावंत कुलातील, म्हणजे शेंगा धरणाऱ्या वनस्पतींच्या कुलातील असून गुलमोहर, चिंच आणि आपटा हे त्याचे आपल्याकडचे दूरचे नातलग होत. त्याची उंची साधारणपणे ८ ते १५ मीटर असते. कोवळेपणी बुंधा बऱ्यापैकी गोल असतो, पण वय वाढेल तसतशा त्यावर उभ्या खोल पन्हळी पडत जातात आणि जुन्या झाडाचा बुंधा एकाच खोडाचा न वाटता अनेक बारीक खोडे एकत्र पिळल्यासारखा दिसतो. फांद्यांवर तीक्ष्ण काटे असतात. पाने संयुक्त, म्हणजे एका देठावर समोरासमोर मांडलेल्या पर्णिकांची बनलेली असतात. पर्णिकांच्या जोड्या बहुधा दोन ते चार, आणि प्रत्येक पर्णिका देठाकडे निमुळती व टोकाशी खाच असलेली, म्हणजे उलट्या बदामासारखी असते. कोरड्या ऋतूत लहान, पिवळ्या, सुगंधी फुलांच्या मंजऱ्या येतात आणि त्यांवर मधमाश्यांची झुंबड उडते. या फुलांचा फिकट मध कॅरिबियन बेटांवर नावाजलेला आहे.

या झाडाची खरी ओळख पटते ती मात्र शेंगेवरून. ही शेंग तीन ते पाच सेंटिमीटर लांब, चपटी, कागदासारखी पातळ आणि दोन्ही टोकांना निमुळती असते. वाल, तूर किंवा गुलमोहर यांच्या शेंगा पिकल्यावर कडेच्या शिवणीवर उकलतात, हा या कुलातला सर्वसाधारण नियम आहे. परंतु काम्पेचेच्या शेंगेच्या कडा शिवलेल्याच राहतात आणि ती दोन्ही बाजूंच्या पृष्ठभागांवर मधोमध उभी फाटते. इतक्या मोठ्या कुलात हे वैशिष्ट्य अत्यंत विरळ असल्यामुळे केवळ वाळलेली शेंग हाती आली तरी अभ्यासकाला वंशाचे नाव सांगता येते. हलक्या शेंगा वाऱ्याने आणि पुराच्या पाण्याने दूरवर जातात, आणि त्यामुळे हा वृक्ष एकदा रुजला की त्याची एकाच जातीची रानेच्या राने तयार होतात. स्पॅनिश भाषेत अशा रानाला ‘तिंताल’ म्हणतात.

व्यापाराच्या दृष्टीने महत्त्वाचा भाग सालीखाली दडलेला असतो. कोणत्याही वृक्षाच्या खोडात बाहेरच्या बाजूला पाणी वाहून नेणारे जिवंत रसकाष्ठ आणि आत मृत पेशींचे अंतःकाष्ठ असते, ज्याला सुतार नुसते गाभा किंवा नार म्हणतात. काम्पेचेच्या वृक्षात रसकाष्ठ पिवळसर पांढरे आणि रंगाच्या दृष्टीने निरुपयोगी असते, तर गाभा अतिशय घट्ट, जड आणि ‘हिमॅटॉक्सिलिन’ नावाच्या संयुगाने भरलेला असतो. या संयुगाच्या रेणूत कार्बनचे १६, हायड्रोजनचे १४ आणि ऑक्सिजनचे ६ अणू असतात, आणि शुद्ध अवस्थेत त्याला जवळजवळ रंगच नसतो. कुऱ्हाडीचा घाव बसून गाभा उघडा पडला की हवेतील ऑक्सिजनमुळे त्या रेणूतील हायड्रोजनचे दोन अणू निघून जातात, ‘हिमॅटीन’ हे गडद द्रव्य तयार होते, आणि काही वेळातच लाकूड लालबुंद व नंतर काळपट होते. हिमॅटीनही एकट्याने कापडावर टिकत नाही. त्याला धातूच्या क्षाराची, म्हणजे रंगाऱ्यांच्या भाषेत रंगबंधकाची जोड लागते. तुरटीबरोबर ते निळे-जांभळे होते, कथिलाच्या क्षाराबरोबर जांभळे, मोरचुदाबरोबर निळे आणि हिराकशीबरोबर काळे. कोकणातील आणि दक्षिणेतील रंगाऱ्यांना परिचित असलेल्या पतंगाच्या लाकडातील ‘ब्राझिलिन’ हे द्रव्य याच घडणीचे असून त्यात ऑक्सिजनचा फक्त एक अणू कमी असतो. परंतु तेवढ्या फरकाने पतंगाचा रंग लाल राहतो आणि काम्पेचेचा निळ्या-काळ्याकडे झुकतो.

युकातानच्या माया लोकांना हा वृक्ष स्पॅनिश येण्यापूर्वी कित्येक शतके माहीत होता. त्यांच्या भाषेत त्याला ‘एक’ म्हणतात. त्याच्या गाभ्याने ते सूत रंगवीत आणि सालीचा व लाकडाचा काढा औषध म्हणून देत. हे लाकूड जमिनीत गाडले तरी लवकर कुजत नसल्याने खांबांसाठीही ते वापरले जाई. १५४० मध्ये धाकट्या फ्रान्सिस्को दे मोंतेहोने काम्पेचे शहर वसवले आणि त्यानंतर काही दशकांतच हे लाकूड स्पेनला जाऊ लागले. युरोपातील रंगाऱ्यांची त्या काळची मोठी अडचण काळ्या रंगाची होती. चांगला काळा मिळवण्यासाठी कापड आधी निळीत आणि मग लाल रंगात अशी दुहेरी रंगणी करावी लागे, किंवा मायफळ आणि हिराकस यांचा वापर करावा लागे, ज्याने कापड कालांतराने जळल्यासारखे ठिसूळ होई. स्पेनचा राजा दुसरा फिलिप याच्या दरबारात काळा पोशाख हा प्रतिष्ठेचा मानदंड होता आणि त्याचे अनुकरण युरोपभर होत होते. अशा वेळी स्वस्तात गडद रंग देणारे लाकूड हाती आल्यावर त्याला मागणी येणे स्वाभाविक होते.

इंग्लंडमध्ये मात्र या लाकडाचे स्वागत वेगळ्याच प्रकारे झाले. तेथील रंगाऱ्यांना योग्य रंगबंधकांची पुरेशी माहिती नव्हती, त्यामुळे कापड दुकानात सुंदर दिसे आणि उन्हात विटून जाई. १५८१ मध्ये एलिझाबेथ राणीच्या संसदेने या लाकडाने कापड रंगवण्यावर कायद्याने बंदी घातली आणि सापडलेला माल जाहीरपणे जाळून टाकण्याचा हुकूम काढला. ही बंदी ८१ वर्षे टिकली आणि १६६२ मध्ये, रंगबंधकांचे तंत्र सुधारल्यावर, उठवली गेली. तिच्यामागे स्पेनच्या तिजोरीत इंग्रजांचा पैसा जाऊ नये हाही हेतू असावा, कारण उठवण्याची वेळ नेमकी इंग्रजांना स्वतःला हे लाकूड तोडता येऊ लागल्यानंतरची आहे. १६५५ मध्ये त्यांनी जमैका घेतले होते, आणि तेथून काम्पेचेचा उपसागर फार दूर नव्हता.

कॅरिबियन समुद्रातील चाच्यांना प्रारंभी या ओंडक्यांची किंमत कळत नव्हती. लुटलेल्या जहाजावर लाकडाखेरीज काही नसले की ते जहाज जाळून टाकत, किंवा त्यातील लाकूड सरपण म्हणून वापरत. कॅप्टन जेम्स नावाच्या एकाने असे एक जहाज इंग्लंडला नेले आणि तेथे मालाला अनपेक्षित मोठा भाव मिळाल्यावर सगळ्यांचे डोळे उघडले, अशी हकिगत विल्यम डॅम्पियरने नोंदवली आहे. हा डॅम्पियर पुढे जगप्रदक्षिणा करणारा नावाजलेला नाविक व निसर्गनिरीक्षक झाला. परंतु १६७५-७६ च्या सुमारास तो तेर्मिनोस या खाजणाच्या काठी स्वतः लाकूडतोड्या होता, आणि १६९९ मध्ये प्रसिद्ध झालेला त्याचा वृत्तान्त हा या धंद्याच्या सुरुवातीच्या काळाचा सर्वात विश्वसनीय दस्तऐवज आहे.

डॅम्पियरच्या वर्णनातून दिसणारे जीवन कष्टाचे आणि विलक्षण आहे. तोडणारे टोळ्या करून खाड्यांच्या काठी पानांनी शाकारलेल्या झोपड्यांत राहत. झोपण्यासाठी जमिनीपासून सुमारे साडेतीन फूट उंच लाकडी माचा उभारीत आणि डासांपासून बचाव म्हणून त्यावर पातळ कापडाचा तंबू ताणीत. पावसाळ्यात पाणी इतके चढे की माणूस माचावरून उतरला तो थेट दोन फूट पाण्यात, आणि पुन्हा माचावर चढेपर्यंत दिवसभर पाण्यातच उभा राही. तरीही जास्त काम उरकण्याच्या दृष्टीने तोच ऋतू चांगला मानला जाई. झाड पाडले की त्याचे पांढरे रसकाष्ठ लाल गाभा लागेपर्यंत कुऱ्हाडीने तासून काढीत, कारण निरुपयोगी लाकडाचे वजन वाहून नेणे कोणालाच परवडत नव्हते. ताज्या कापलेल्या ओंडक्यावर पावसाचे पाणी साचले तर ते शाईसारखे होई. पाच-सहा फूट घेराची जुनी झाडे उत्तम रंगाची, पण फोडायला इतकी चिवट असत की डॅम्पियरचे सोबती त्यांत बंदुकीची दारू भरून ती उडवून देत. झाड दलदलीत वाढते म्हणून माणसे दलदलीत राहिली, लाकूड जड आहे म्हणून ते पूर आल्यावर होड्यांतून समुद्राकडे नेले गेले, आणि एकेकटा माणूसही थोड्या हत्यारांवर हा धंदा करू शकत असल्याने त्याला ना भांडवलदाराची गरज पडली, ना सरकारची. ऊस किंवा तंबाखूच्या वसाहती ज्या रीतीने स्थापन झाल्या, त्या रीतीने ही वस्ती स्थापन झालीच नाही, याचे कारण त्या झाडात आहे.

स्पेनच्या दृष्टीने हे सगळे लोक चोर होते. १६७० च्या माद्रिद तहाने इंग्रजांच्या ताब्यातील प्रदेशांना मान्यता मिळाली, पण लाकूड तोडण्याच्या हक्काबद्दल तह गप्प होता आणि त्या मौनाचा अर्थ दोन्ही बाजूंनी आपापल्या सोयीने लावला. अखेर १७१६-१७ मध्ये स्पॅनिश फौजेने तेर्मिनोस खाजणातून इंग्रजांना कायमचे हुसकावले. त्या विजयाच्या स्मरणार्थ कार्मेनच्या मातेचे नाव मिळालेल्या बेटावरील शहर आज सिउदाद देल कार्मेन म्हणून ओळखले जाते. तेथून निघालेले लाकूडतोडे द्वीपकल्पाच्या दुसऱ्या बाजूला, बेलीझ नदीच्या मुखाशी आधीपासून असलेल्या वस्तीला जाऊन मिळाले.

बेलीझचा पुढचा इतिहास हा राजनैतिक इतिहासातील एक अजब प्रकार आहे. १७६३ च्या पॅरिस तहाने स्पेनने या लोकांना लाकूड तोडू देण्याचे मान्य केले, पण जमिनीवरचे सार्वभौमत्व स्वतःकडे ठेवले आणि इंग्रजांना किल्ले पाडायला लावले. १७८३ च्या तहाने ओंदो आणि बेलीझ या दोन नद्यांमधील प्रदेश तोडीसाठी ठरवून दिला. १७८६ च्या लंडन करारान्वये ती हद्द दक्षिणेला सिबुन नदीपर्यंत वाढली आणि महोगनी तोडण्याचीही मुभा मिळाली, परंतु मळे करू नयेत, तटबंदी करू नये, शासनसंस्था उभारू नये, अशी बंधने घातली गेली. म्हणजे माणसांना जमिनीवर राहण्याचा हक्क होता तो केवळ तिच्यावरची झाडे पाडण्यापुरता. १७७९ मध्ये स्पॅनिशांनी सेंट जॉर्जेस के या बेटावरील वस्तीवर हल्ला करून रहिवाशांना मेरिदामार्गे हवानाला नेले. आणि १७९८ मध्ये त्याच बेटाजवळच्या लढाईत मात्र त्यांना माघार घ्यावी लागली, आणि त्यानंतर त्यांनी हा प्रदेश परत मिळवण्याचा प्रयत्न केला नाही. १८६२ मध्ये तो ब्रिटिश होंडुरास या नावाने रीतसर वसाहत झाला आणि १९८१ मध्ये बेलीझ म्हणून स्वतंत्र झाला. स्पेनचे हक्क वारशाने आपल्याकडे आले असे म्हणणाऱ्या ग्वातेमालाचा बेलीझशी असलेला सीमावाद आज हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयापुढे आहे, आणि त्याची मुळे अठराव्या शतकातील या तोडपरवान्यांत आहेत.

या इतिहासातील एक बाजू पुस्तकांत बहुतेक वेळा दोन ओळींत आटोपली जाते, आणि ते योग्य नाही. डॅम्पियरच्या काळातील मुक्त टोळ्यांचे चित्र पुढे टिकले नाही. १७२४ च्या सुमाराची एक स्पॅनिश नोंद बेलीझच्या वस्तीत आफ्रिकी गुलाम असल्याचे सांगते, आणि त्यानंतरच्या दशकांत त्यांची संख्या वाढत जाऊन ते वस्तीतील बहुसंख्य झाले. सतत तोड होत राहिल्याने १७६० आणि १७७० च्या दशकांत युरोपच्या बाजारात लाकडाचा इतका सुकाळ झाला की भाव कोसळले, आणि लाकूडतोडे महोगनीकडे वळले. महोगनीचा वृक्ष मोठा, एकेकटा व विखुरलेला असतो, तो शोधण्यापासून नदीपर्यंत ओढण्यापर्यंत मोठ्या संख्येने माणसे आणि बैल लागतात. त्यामुळे झाड बदलताच लहान तोडणाऱ्यांचे महत्त्व संपले, गुलामांची मागणी वाढली आणि मोजक्या मालकांच्या हाती सत्ता गेली.

दरम्यान वृक्षानेही समुद्र ओलांडला. १७१५ मध्ये हेन्री बारहॅम या वैद्याने काम्पेचेहून बी आणून जमैकात लावले. काटेरी असल्याने ते कुंपणासाठी लावण्यात आले, आणि वाऱ्यावर जाणाऱ्या शेंगांमुळे थोड्याच काळात पडीक जमिनींवर त्याची राने माजली. हैतीतही तेच घडले, आणि एकोणिसाव्या शतकात या दोन्ही ठिकाणांच्या निर्यातीत हे लाकूड महत्त्वाचे ठरले. युरोपात पोचलेल्या ओंडक्यांचा भुगा करून तो पाण्याने ओला करीत आणि ढीग घालून हवेत मुरवीत, म्हणजे हिमॅटॉक्सिलिनचे हिमॅटीन होई. ही क्रिया किती दिवस चालू द्यावी, हे जाणणे ही रंगाऱ्याची खरी कसोटी असे. लोकर, रेशीम, टोप्या आणि शोकाचे काळे कपडे यांत हा रंग सर्वत्र पसरला. १८४७ मध्ये रुंग या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने लॉगवुडचा अर्क आणि पोटॅशियम क्रोमेट यांपासून स्वस्त शाई तयार केली आणि शाळकरी मुलांच्या दौतींतही हे झाड पोचले.

एकोणिसाव्या शतकात मेक्सिकोच्या स्वातंत्र्यानंतर कार्मेन आणि पालिसादा ही गावे या व्यापाराने संपन्न झाली. लाकूड न्यायला येणारी जहाजे रिकामी येऊ नयेत म्हणून नीरम, म्हणजे तोल सांभाळण्याचे ओझे, भरून आणीत. त्यात फ्रान्समधील मार्सेची कौले असत, आणि तीच त्या गावांतील घरांच्या छपरांवर चढली. ती छपरे आजही प्रवाशांना दाखवली जातात. ज्यांच्या श्रमावर ही संपन्नता उभी होती ते मजूर मात्र कर्जाच्या बेडीत अडकलेले असत: मालकाकडून उचल घ्यायची, ती फेडण्यासाठी रानात राबायचे, आणि मालकाच्याच दुकानातून धान्य घेताना पुन्हा नवी उचल अंगावर घ्यायची. १८५६ मध्ये विल्यम हेन्री पर्किनने डांबरापासून पहिला व्यापारी कृत्रिम रंग बनवला, आणि शतक संपता संपता अशाच रंगांनी काम्पेचेच्या लाकडाचा बाजार मोडला. पहिल्या महायुद्धात जर्मन रंगांचा पुरवठा थांबल्यामुळे त्याला थोडी उभारी आली, पण ती युद्धापुरतीच. ज्या पर्किनने या धंद्याला धक्का दिला, त्याच्याच त्याच नावाच्या मुलाने विसाव्या शतकाच्या आरंभी हिमॅटॉक्सिलिनच्या रेणूची रचना उलगडण्यात मोठा वाटा उचलला.

कापडातून हद्दपार होणारा रंग त्याच काळात दुसरीकडे रुजत होता. शेव्हरल या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने १८१० च्या सुमारास लाकडातून हिमॅटॉक्सिलिन वेगळे केले होतेच. १८६३ मध्ये वाल्डायर या जर्मन शरीररचनातज्ज्ञाने लॉगवुडच्या अर्काने ऊतींचे पातळ काप रंगवून पाहिले, आणि १८६५ मध्ये बोमरने त्यात तुरटी घातल्यावर सूक्ष्मदर्शकाखाली पेशींची केंद्रके स्पष्ट दिसू लागली. कापडाच्या रंगाऱ्याचा रंगबंधक येथेही तेच काम करतो: हिमॅटीन आणि तुरटीतील ॲल्युमिनियम यांचे संयुग धनभारित असल्याने ऋणभारित न्यूक्लिक आम्लांकडे ओढले जाते, आणि केंद्रक रंगते. काचपट्टी प्रथम लालसर जांभळी दिसते. ती सौम्य अल्कधर्मी पाण्यात धरली की निळी होते. १८७० च्या दशकात इओसीन हा गुलाबी रंग त्याच्या जोडीला आला, जो केंद्रकाबाहेरचा पेशीद्रव रंगवतो. इओसीन हे त्याच डांबरी रंगांच्या घराण्यातले आहे, ज्यांनी काम्पेचेच्या लाकडाला कापडगिरण्यांतून बाहेर काढले होते. या जोडीने रंगवलेल्या काचपट्टीवरूनच आजही गाठ साधी आहे की कर्करोगाची, याचा पहिला निर्णय होतो.

मुंबई, पुणे, नागपूर किंवा पणजी, कुठल्याही पॅथॉलॉजी प्रयोगशाळेत बायोप्सीचा तुकडा आला की तो याच दोन रंगांत बुडवला जातो, आणि वैद्यकाच्या पहिल्या वर्षाचे विद्यार्थी ऊतिविज्ञानाच्या वहीत आकृत्या रंगवण्यासाठी ज्या निळ्या-जांभळ्या आणि गुलाबी पेन्सिली दुकानात ‘एच अँड ई’ म्हणून मागतात, त्यांतील एच हे अक्षर हिमॅटॉक्सिलिनचे आहे. त्या पेन्सिलींचा काम्पेचेशी संबंध आहे हे त्यांना वर्गात सांगितले गेले तर विषय अधिक गोड लागेल. हिमॅटॉक्सिलिन प्रयोगशाळेत कृत्रिमरीत्या तयार करता येते, परंतु ते व्यापारी प्रमाणावर परवडत नाही. म्हणून १९७० च्या दशकाच्या प्रारंभी आणि पुन्हा २००८ मध्ये पुरवठा आटला तेव्हा जगभरच्या प्रयोगशाळांना पर्याय शोधत बसावे लागले, आणि बाजारात मिळणारे हिमॅटॉक्सिलिन आजही या वृक्षाच्या गाभ्यातूनच काढले जाते.